पाट्यावरचे रुपेरी कार्ड

मित्रांनो, मी एक जुने विमानाचे कार्ड आहे. मला नाकाजवळ धरलेत तर तुमचा विश्वास बसणार नाही, कारण माझ्या अंगाला धणे, सुकी मिरची आणि ओल्या खोबऱ्याचा वास येतो. माझा एक कोपरा झिजला आहे. दुसऱ्या कोपऱ्यावर दाताची एक खूण आहे. तिच्याविषयी शेवटी सांगेन, कारण आयुष्यात मला मिळालेला खरा मान तोच, असे आता वाटते. पूर्वी असे वाटत नसे. पूर्वी मी फार ताठ होतो.

दोन हजार एक साली 'नीलपंख' नावाच्या विमान कंपनीने मला जन्म दिला. जो माणूस पुन्हा पुन्हा आमच्याच विमानाने जाईल त्याला एक कार्ड द्यायचे, प्रत्येक प्रवासाला त्याच्या नावावर पॉइंट जमा करायचे आणि पुरेसे पॉइंट साठले की एक तिकीट फुकट द्यायचे, अशी कंपनीची योजना होती. साध्या माणसाला निळे कार्ड, बऱ्यापैकी माणसाला रुपेरी आणि मोठ्या माणसाला सोनेरी. मी रुपेरी. माझ्या पोटावर धन्याचे नाव उठावाच्या अक्षरांत होते आणि पाठीवर अगदी बारीक अक्षरांच्या चार ओळी होत्या. त्या ओळी काय सांगत होत्या ते मला ठाऊक नव्हते. स्वतःची पाठ कोणाला वाचता येते? ती नक्षी शोभेसाठी काढली असावी, असे मी धरून चाललो होतो.

कारखान्यात आम्ही सगळी कार्डे स्वप्ने रंगवत असू. आपण कोणा साहेबाच्या चामडी पाकिटात राहू, आपल्याला अत्तराचा वास येईल, असे माझे म्हणणे होते. पोस्टाचे पाकीट उघडले आणि समोर तुकाराम तांडेल दिसला. तुकाराम हा देवगड बंदरातला इंजिनाचा मेस्त्री. ट्रॉलरची इंजिने विकणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला होता, आणि कोचीपासून विशाखापट्टणपर्यंत कुठल्याही बंदरात इंजिन अडले की कंपनी त्याला गोव्याहून विमानाने धाडत असे. त्याने मला उलटसुलट पाहिले, लुंगीला पुसले आणि सातेरी देवीच्या अंगाऱ्याची पुडी ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होती तिच्यात घालून शर्टाच्या खिशात ठेवले. अत्तर राहिले बाजूला, मला अंगाऱ्याचा आणि ग्रीसचा वास लागला.

तरी ती वर्षे माझ्या भरभराटीची होती. रुपेरी कार्डवाल्याला विमानतळावर वेगळ्या खोलीत बसायला मिळे. तिथे चहा फुकट असे. तुकाराम चहा पिई आणि साखरेच्या पुड्या बायकोसाठी खिशात घाली. पण गावात माझी कीर्ती झाली ती निराळ्याच कारणाने. रुपेरी कार्डावर दहा किलो सामान जास्त नेता येई. ही बातमी फुटल्यापासून तुकाराम निघाला की वाडीतला एकेक माणूस पिशवी घेऊन हजर होई. कोणाचा भाऊ कोचीला, त्याला आमसुले. कोणाचा जावई चेन्नईला, त्याला सोडे. एकदा सोड्यांच्या वासाने विमानतळावरचा शिपाई दोन पावले मागे सरला, तेव्हा तुकारामने त्याच्यापुढे मला धरले. शिपाई म्हणाला, "कार्ड रुपेरी आहे, पण वास जनरल डब्याचा आहे." मला तो अपमान फार दिवस पुरला.

मग कंपनीने एक योजना काढली. वाटेत विमान बदलावे लागले तर प्रत्येक टप्प्याला दुप्पट पॉइंट. लोक या योजनेने वेडे झाले आणि त्यांत आमचा तुकाराम पुढे होता. कोचीला एक ट्रॉलर त्याची वाट पाहत असताना हा गोव्याहून मुंबईला, मुंबईहून चेन्नईला आणि तिथून कोचीला गेला. संध्याकाळी गुडघे धरत बंदरावर पोचला, तर इंजिन आपले आपणच सुरू झाले होते. मालकाने विचारले तेव्हा तुकाराम म्हणाला, "मी येतो आहे हे ऐकूनच त्याने हाय खाल्ली." मालकाला ते पटले आणि त्याने वर पापलेटे दिली.

घरी मात्र गंगू होती. गंगू म्हणजे तुकारामची बायको. देवगडच्या बाजारात तिची मासे विकायची ठरलेली जागा होती आणि तिच्यापुढे गोष्टी पटवून चालत नसत.

"गोव्यासून कोचीक जावक तुमी मद्रासेक कित्या गेलात?" तिने विचारले.

"पॉइंटासाठी गो."

"देवगडसून मालवणाक जावक कोण रत्नागिरीसून जाता?"

"एसटी पॉइंट देणा नाय," तुकाराम म्हणाला.

पुढल्या वर्षी 'साथीदार मोफत' अशी योजना आली. रुपेरी कार्डवाल्याने आपल्याबरोबर एका माणसाला फुकट न्यायचे. तुकारामला आनंद झाला. गंगू कणकवलीच्या पलीकडे कधी गेली नव्हती. त्याने अटी वाचून दाखवल्या. साथीदाराने मंगळवारी निघायचे आणि गुरुवारी परतायचे.

"म्हणजे बुधवार मोडतलो," गंगू म्हणाली. "बुधवारी बाजार सोडून मी इमानात बसतलंय? आणि माजी जागा तुळसान घेतल्यान म्हणजे?"

तुळसा म्हणजे तिच्या शेजारी बसणारी. गेली कित्येक वर्षे ती गंगूच्या जागेकडे बोटभर सरकत आली होती. त्या कारणापायी ती योजना तशीच संपून गेली. गंगू जायला हवी होती असे मला आजही वाटते.

मित्रांनो, चांगले दिवस टिकत नाहीत. तुकारामच्या कंपनीने एका स्वस्त विमानवाल्याशी करार केला आणि तो त्या विमानांतून जाऊ लागला. तिथे चहाही विकत घ्यावा लागे. माझे काम उरले नाही. मी आधी खिशातून कपाटात गेलो, कपाटातून खिडकीत आणि खिडकीतून, सांगायला लाज वाटते, पाट्यावर. एक दिवस गंगू वाटप वाटत होती. खोबरे, मिरची, धणे बारीक झाले होते, पण शेवटचे वाटप पाट्याला चिकटून बसले होते. तिने इकडेतिकडे पाहिले, खिडकीतून मला उचलले आणि माझ्या कडेने सगळे वाटप एका फटक्यात गोळा केले.

"अगे बाय," ती स्वतःशीच म्हणाली, "ह्यां बरा आसा."

इतक्या वर्षांत तिने केलेली ती माझी पहिली स्तुती. मला ती मुळीच आवडली नाही. जो चेन्नईच्या विमानतळावर गाद्यांच्या खुर्चीत बसला त्याने सुंगटांच्या म्हणजे कोळंबीच्या कढीसाठी झिजायचे? मी मनात खूप चरफडलो. पण मिरचीची धग माणसाला तशी कार्डालाही वठणीवर आणते. पाट्यावर राहून मला हळूहळू ते घर कळू लागले.

त्या घरात एक माणूस कमी होते. तुकाराम आणि गंगूची एकुलती एक मुलगी रूपाली लग्न होऊन कलकत्त्याला गेली होती. तिचा नवरा सर्वेश तिथे गोदीत नोकरीला होता. पुष्कळ दिवस तिला मूल झाले नाही आणि दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी हलायचे नाही असे बजावले. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. रूपालीचे तिकडेच झाले आणि गंगूला जाताही आले नाही, कारण तेव्हा तुकारामच्या गुडघ्याचे ऑपरेशन होते. काळजीने गंगूने सातेरीला नवस बोलला होता की, दोन्ही जीव सुखरूप सुटले तर बाळाच्या पहिल्या जत्रेला त्याचे पाय तुझ्या अंगणात लावीन आणि लेकीकडून तुझी ओटी भरीन. मुलगी झाली, तिचे नाव आरोही ठेवले, आणि गंगूकडे आला तो नुसता फोटो. तो तिने चुलीसमोरच्या भिंतीला लावला होता. वाटप वाटताना ती त्याच्याशी बोलायची.

त्याच वर्षी दिवाळीनंतर 'नीलपंख'चे पत्र आले. आपल्या खात्यात एकवीस हजार पॉइंट पडून आहेत, मार्चअखेर वापरले नाहीत तर ते बाद होतील, असे त्यात होते. तुकारामने पत्र वाचले आणि स्वयंपाकघरात येऊन पाट्यावरून मला उचलले.

"गंगू, ह्यां काय केलंस ह्या?"

"काय केलंय? कामाक लावलंय."

त्याने मला चिंचेने घासले, राखेने घासले, पुन्हा लुंगीला पुसले. माझी अक्षरे अर्धीमुर्धी दिसू लागली. कलकत्ता ते गोवा फुकट तिकिटाला वीस हजार पॉइंट लागत होते आणि तिकीट घरच्या माणसाच्या नावाने काढता येत होते. दोन-तीन गाड्या बदलत तान्ह्या पोरीला घेऊन एकटीने येणे रूपालीला जमणारे नव्हते. सर्वेशला रजा नव्हती. पण विमानाने ती सकाळी निघून संध्याकाळी घरी पोचली असती. गंगूने हे ऐकले आणि त्या दिवशी कढीत मीठ दोनदा घातले. मी तर पुन्हा ताठ झालो. शेवटी सगळ्यांना माझीच गरज लागली, असे मी पाट्याला ऐकू जाईल अशा बेताने मनात म्हणालो.

तुकारामने कंपनीला फोन लावला. नम्रता नावाची एक मुलगी बोलत होती आणि तिचा आवाज फार गोड होता.

"सर, प्रवासाची तारीख सांगा."

"तारीख अजून लागलेली नाही," तुकाराम ऑफिसातल्या मराठीत म्हणाला. "देवीने दिली की कळवतो."

"चालेल सर. देवी मॅडमना विचारून पुन्हा फोन करा. फक्त हे तिकीट तीन आठवडे आधी काढावं लागतं आणि नंतर तारीख बदलता येत नाही."

"त्या इतक्या आधी सांगत नाहीत. जेमतेम आठ-दहा दिवस आधी सांगतात."

"मी स्वतः त्यांच्याशी बोलू का सर?"

तुकाराम विचारात पडला. "बोलता येतं," तो म्हणाला, "पण मध्ये घाडी लागतो."

मित्रांनो, तुम्ही दूरचे असाल तर एवढे समजून घ्या. आमच्या सातेरीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. भात घरात आले की गावचे मानकरी देवळात जमतात, लवू घाडी देवीला गाऱ्हाणे घालतो आणि पाषाणाच्या डाव्या-उजव्या बाजूंना ओल्या कळ्या चिकटवून कौल मागतो. उजवी कळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. देवीच्या मनात येईल तो दिवस ठरतो आणि सगळा गाव त्याप्रमाणे चालतो. इकडे देवी तारीख आधी सांगत नाही आणि तिकडे कंपनी तारीख आधी घेतल्याशिवाय तिकीट देत नाही. या दोघींच्या मध्ये मी अडकलो.

नम्रताने आणखी एक गोष्ट सांगितली. गणपती, दिवाळी, नाताळ, शिमगा आणि मे महिना या दिवसांत फुकट तिकीट चालत नाही.

"म्हणजे माणूस घरी जातो ते सगळे दिवस," तुकाराम म्हणाला.

"हो सर," नम्रता म्हणाली. "त्याच दिवसांत गर्दी असते ना."

अखेर गंगूनेच मार्ग काढला. देवीलाच सांगायचे की या वर्षी तारीख लवकर दे. देवळात मानकरी जमले. त्यांत थोरला मानकरी सत्यवान. भाताची शेती करणारा, रागीट पण सरळ माणूस.

"आई कोणाच्या तिकिटार चलना नाय," तो म्हणाला.

"आईक सांगूचा नाय, इचारूचा," गंगू म्हणाली. "नाय म्हणाली तर गप रवतलंय."

विचारायला हरकत नाही असे ठरले. तुकारामने मला खिशातून काढून केळीच्या पानावर नारळाशेजारी ठेवले. लवू घाडीने तुकारामकडून सगळे नियम नीट समजून घेतले, हात जोडले आणि गाऱ्हाणे सुरू केले.

"बा देवा म्हाराजा, गे सातेरी माये, आज ह्यो तुझो तुकाराम आणि तेची बायल तुझ्या पायाकडे इली आसत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तेंचा चेडू कलकत्त्याक आसा. तेच्या पदरात तू लेकरू घातलंस. ता लेकरू तुझ्या जत्रेक घेवन येवचो नवस आसा."

"व्हय म्हाराजा."

"पण माये, इमान कंपनी म्हणता, तारीख तीन आठवडे आधी व्हयी. दिलेली तारीख मगे बदलूची नाय. आणि सामान पंधरा किलोच्या वर चलाचा नाय."

"व्हय म्हाराजा."

तुकाराम पुढे वाकून लवूच्या कानात काहीतरी बोलला. लवूने मान डोलावली आणि हात पुन्हा जोडले.

"रुपेरी कार्ड आसा म्हणान पंचवीस किलो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तर जो काय दिवस तुझ्या मनात आसात, तो ह्या वर्सा लवकर सांग, आणि तुझ्या लेकराक सुखरूप घराक घेवन ये."

सगळे पाषाणाकडे बघत होते. मी पानावर पडल्या पडल्या बघत होतो आणि माझ्या इतक्या वर्षांच्या प्रवासात एवढी वाट मी कशाचीच पाहिली नव्हती. उजवी कळी हलली आणि पडली. मग दिवस विचारले. दोन दिवसांना देवी नको म्हणाली आणि तिसऱ्याला हो म्हणाली. फेब्रुवारीतला मधला मंगळवार. चांगला दीड महिना पुढचा. वर्जित दिवसांतही नव्हता. सत्यवानने पागोटे सारखे केले आणि म्हणाला, "आईक इमानातला कळता तर." गंगू रडत रडत हसत होती. घरी येताना तिने मला पदराच्या गाठीत बांधले होते.

दुसऱ्या दिवशी, एक जानेवारीला, तुकारामने फोन लावला. दैव असे की फोनवर पुन्हा नम्रताच होती.

"सर, मिळाली का तारीख?"

"मिळाली. मंगळवार." त्याच्या आवाजात मोठा विजय होता.

पलीकडे थोडा वेळ बटणे दाबल्याचा आवाज आला. मग नम्रता हळू बोलू लागली. "सर, आजपासून नियम बदलले आहेत. या मार्गाला आता पस्तीस हजार पॉइंट लागतात."

"काल वीस हजार होते."

"हो सर, काल होते."

"आम्ही तीन आठवडे आधी सांगितलं. देवीने आमच्यासाठी रीत बदलली. तुम्ही आम्हाला कळवलं का?"

"कार्डाच्या मागे लिहिलेलं आहे सर," ती म्हणाली.

तुकारामने मला उलटे केले आणि चष्मा लावून माझी पाठ वाचली. कोणतीही पूर्वसूचना न देता नियम बदलण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे, असे तिथे होते. मित्रांनो, इतकी वर्षे मी जिला नक्षी समजून मिरवत होतो ती ही होती. त्या क्षणी कोणी मला चुलीत टाकले असते तरी मी तक्रार केली नसती.

"मला वाईट वाटतं सर," नम्रता म्हणाली आणि ते तिला खरेच वाटत असावे. "पॉइंट फुकट घालवू नका. त्यांच्यावर एक चाकांची बॅग मिळेल. ती पाठवू का?"

"धाडा," तुकाराम म्हणाला आणि फोन ठेवून पडवीत जाऊन बसला. त्याला गंगूला तोंड दाखवायचा धीर होईना.

गंगूने सगळे ऐकलेच होते. ती पाट्यापुढे बसली, पण तिने काही वाटले नाही. आरोहीसाठी खणाचे झबले शिवून तयार होते, ते तिने मांडीवर घेतले आणि ती रडली. जाताना तुकारामने मला पुन्हा पाट्याजवळ टाकले होते आणि ते सगळे मला बघावे लागले. मी कोणाच्या कामाला आलो नाही, एवढेच मला कळत होते.

आठवड्याने बॅग आली. निळी, चाकांची, वर पांढरा पंख काढलेला. तुकारामने ती उघडूनही पाहिली नाही. त्याने मला खिशात घातले, कारण तो मला पोस्टाने कंपनीकडे परत धाडणार होता, आणि वर चार शब्द लिहिणार होता. पोस्टाची वाट देवळावरून जाते. देवळात गंगू उभी होती. तिने लवूला आणि सत्यवानला बोलावून घेतले होते.

"आईक इचार," ती लवूला सांगत होती. "माजा चेडू येवक शकना नाय. मी थंय जावन ओटी भरलंय तर चलात काय?"

सत्यवानने मान हलवली. "नवसाच्यो अटी अशो बदलूच्यो नसतत, गंगू."

"कंपनी एका रातीत बदलता. ती आमची कोण नाय. ही तर आमची आवस, आमची आई आसा."

सत्यवानने लवूला खूण केली. लवूने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाण्याला तोंड फोडले. "बा देवा म्हाराजा, गे माये, ही तुझी गंगू" एवढेच तो बोलला असेल. उजवी कळी त्याच्या हातावरच पडली. तो मागे वळला आणि म्हणाला, "माका पुरा बोलूक पण दिल्यान नाय."

सत्यवानने ती कळी घेऊन कपाळाला लावली. मग स्वतः उठला. "जा तर," तो म्हणाला. "हंयचो अंगारो घे आणि अंगणातली माती घे. पोराचे पाय हंय लागाक व्हये ना? माती थंय घेवन जा." मित्रांनो, तोवर मी दोन नियम बदलताना पाहिले होते, आणि देवीने बदललेला नियम माणसाच्या बाजूने बदलला होता.

तुकारामने मला खिशातून काढून गंगूला दाखवले आणि पोस्टाची गोष्ट सांगितली. तिने मला त्याच्या हातातून काढून घेतले. "ह्यां माका व्हया. वाटप काढूक इतक्या बरा दुसरा नाय." माझा जीव त्या पाट्याने वाचवला.

मग गंगू निघाली. बुधवार, शुक्रवार, रविवार, सगळे बाजार सोडून निघाली. "बस माज्या जागेर," असे तिने तुळसाला स्वतः सांगितले, आणि तुळसा इतकी घाबरली की ती जागा तिने झाडून रिकामी ठेवली. तुकारामही बरोबर होता. या वेळी साथीदार तो होता. निळ्या बॅगेत सातेरीची माती, अंगारा, नारळ, खण, आमसुले, सोडे आणि मी होतो. कणकवलीहून रेल्वे धरली ती गाड्या बदलत हावड्यापर्यंत. विमानात नसतील एवढे लोक त्या डब्यात होते आणि सोड्यांच्या वासाबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

हावड्याला रूपाली आरोहीला घेऊन न्यायला आली होती. तिने आईला लांबूनच ओळखले. गंगूने पदराची चुंबळ केली होती आणि ती बॅग माशांच्या टोपलीसारखी डोक्यावर घेऊन सरळ चालत येत होती. बॅगेची चाके छताकडे तोंड करून फिरत होती.

"आये, चाका आसत तेका," रूपाली म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदम येत होते.

"चाका मोडतीत," गंगू म्हणाली. "मान मोडाची नाय."

तिने बॅग उतरवली आणि नातीला घ्यायला हात पुढे केले. आरोहीने तिच्याकडे एकदा पाहिले आणि भोकाड पसरले. तिने आजीला कधी पाहिलेच नव्हते. घरी पोचेपर्यंत ती रडली, घरी पोचल्यावरही रडली. गंगू बॅग उपसत खाली मान घालून बसली होती. इतक्या लांब येऊन पोर हातात येत नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होते.

तेवढ्यात मी बॅगेतून खाली पडलो. आरोही रांगत आली, तिने मला उचलले आणि तोंडात घातले. माझ्यात किती वर्षांची मिरची मुरली होती ते मला माहीत होते आणि मी भीतीने गार झालो. रूपाली धावली. पण पोरीने तोंड वाकडे केले नाही. ती चघळू लागली. तिला नुकताच एक दात आला होता, तो तिने माझ्या कोपऱ्यात रुतवला आणि ती हसली.

गंगूने हळूच तिला मांडीवर घेतले. "तिखट सोसता," ती म्हणाली. "आमचाच आसा."

जत्रेच्या मंगळवारी त्या लहानशा स्वयंपाकघरात गंगूने पाटावर सातेरीची माती पसरली आणि आरोहीचे पाय तिच्यात लावले. रूपालीने ओटी भरली. त्याच वेळी देवगडात आमच्या देवळापुढे ढोल वाजत असतील. तुकाराम कोपऱ्यात बसून डोळे पुसत होता आणि गुडघा दुखतो आहे असे सांगत होता.

आता दोन हजार दहा साल आहे. 'नीलपंख' मागच्या वर्षी बंद पडली. सोनेरी कार्डेसुद्धा कुठल्या कुठल्या कपाटांत पडून असतील. सर्वेशला आता रजा मिळते, म्हणून देवीने तारीख दिली की रूपाली आणि आरोही त्याच्याबरोबर मिळेल त्या गाडीने येतात. यंदा आरोहीने मला पाट्यावरून उचलले आणि पाठीवर काय लिहिले आहे असे विचारले. रूपालीने उरलीसुरली अक्षरे जुळवून वाचून दाखवली.

"म्हणजे काय गो आजी?"

गंगू वरवंटा थांबवून म्हणाली, "म्हणजे, जेका भेटूचा आसा तेका वेळेर भेटान येवचा. साठवन ठेवूचा नाय."

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तू आपल्याला जपा असे सांगतात. मी तसे सांगणार नाही. मला जपून जपून माझा काय उपयोग झाला तो तुम्ही पाहिलात. तुम्ही आपल्या माणसांना जपा, आणि कोणी लांब असेल तर मिळेल त्या गाडीने जाऊन या. आता मला जायला हवे. गंगूचे वाटप झाले आहे आणि पाट्यावर शेवटचा घास माझी वाट बघतो आहे.